मागायची भीड

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात एक वाद कायम धुमसत असतो: मराठी माणूस धंद्यात मागे का? कुणी भांडवलाचं नाव घेतं, कुणी नोकरीच्या ओढीचं, कुणी जोखमीच्या भीतीचं. इंग्लंडमध्ये, रेडिंगला, घरच्या स्वयंपाकघरातून फराळाचा व्यवसाय करताना मला यातलं एकही कारण पुरेसं वाटत नाही. पहाटे उठून भाजणी भाजणाऱ्या बाईला कष्ट आणि जोखीम कुणी शिकवायची गरज नसते. गाडी अडते ती पैसे मागताना.

सांगलीची माझी वहिनी पापड-मसाले करते. तिच्या वहीत प्रत्येक दुकानदाराची बाकी तारखेसकट लिहिलेली असते, एक पैसा इकडचा तिकडे नाही. पण निरोप जातो तो असा: ‘दादा, जमेल तसं बघा.’ त्यात रक्कम नाही, बिलाची तारीख नाही, कधीपर्यंत हवेत तेही नाही. दादांना जमत नाही. तो एक फोन टाळण्यासाठी वहिनी आणखी दोन किलो पापड लाटेल. ही बाई आळशी नाही. तिला भीड पडते.

कायदा तिच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ च्या हिशेबापासून, मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च आयकरात वजा करता येत नाही. त्यावर ओरड झाली की मोठे व्यापारी नोंदणीकृत छोट्यांकडून माल घेणंच बंद करतील. ही भीती खोटी नाही. पण ‘म्हणून गप्प बसा’ हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट होते, ती करावी आणि हक्काचं मागावं.

इथे इंग्लंडमध्ये सगळे वेळेवर पैसे देतात असंही नाही. १९९८ च्या कायद्यानुसार थकलेल्या व्यावसायिक बिलांवर बँक ऑफ इंग्लंडच्या दरापेक्षा ८ टक्के जास्त व्याज लावता येतं, हजार पौंडांच्या आतल्या बिलावर वर ४० पौंड भरपाई मागता येते, तरी दुकानदार रेंगाळतात. फरक इतकाच की मागण्याला कुणी उद्धटपणा समजत नाही. बिलावर ‘१४ दिवस’ छापलेलं असतं, पंधराव्या दिवशी बिलाचा क्रमांक आणि रक्कम लिहून निरोप जातो, आणि पुढच्या आठवड्यात त्याच दुकानदाराशी हवापाण्याच्या गप्पा होतात. कराचंही तसंच: ३१ जानेवारीपर्यंत विवरणपत्र ऑनलाइन भरलं नाही तर १०० पौंड दंड, कर शून्य असला तरी. तारीख बाहेरून ठरून आली की मनाशी झुंजावं लागत नाही.

म्हणून ‘धीट व्हा’ या उपदेशावर माझा विश्वास नाही. मागण्याचा प्रसंगच कमी करावा. दिवाळीच्या ऑर्डरीचे निम्मे पैसे मी आधीच घेते. ओळखीतल्यांकडूनही घेते, कारण तिथेच जीभ सगळ्यात जड होते. उरलेल्या वसुलीचे निरोप सोमवारी सकाळी, गॅस पेटवण्याआधी. अगदीच अवघड बाकी असली तर ब्लाउज शिवणारी माझी मैत्रीण माझ्या वतीने फोन करते आणि तिच्या गिऱ्हाइकांना मी. दुसऱ्याचे पैसे मागताना आवाज कापत नाही.

१९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतमध्ये पापड लाटून आणून दिले की वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, हातात पडायची. लाटणाऱ्या बाईला दुकानदाराकडे तगादा लावावा लागायचा नाही. ते काम संस्थेचं होतं. तिथल्या यशाची चर्चा करताना आपण चिकाटीचं कौतुक करतो आणि ही व्यवस्था विसरतो.

बचत गटांच्या प्रशिक्षणात पॅकिंग, लेबल, ब्रँडिंग सगळं शिकवतात. त्यातली एक दुपार वसुलीला द्यावी. प्रत्येकीने आपली थकलेली बिलं घेऊन यावं, आणि तिथेच बसून एकीने दुसरीच्या गिऱ्हाइकाला फोन लावावा.