तीन महिन्यांत डिझायनर? ताईला आलेल्या मेसेजला माझं उत्तर

परवा रात्री साताऱ्याहून ताईचा फोन आला. "अरे, पोरीची बीएफएची तयारी थांबवू का?" बीएफए म्हणजे कलेची चार वर्षांची पदवी. तिला व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज आला होता. त्याच आठवड्यात तो मलाही तीन ग्रुपांतून आलाय. त्यात म्हटलंय की ग्राफिक डिझाइनसाठी चार वर्षं घालवणं हा मूर्खपणा आहे, सॉफ्टवेअर तीन महिन्यांत येतं, चांगल्या संस्था फक्त सायन्सवाल्यांना घेतात, अक्षरांचा अभ्यास जुना झाला कारण फॉन्ट तयार मिळतात, आणि पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या कामांचा संग्रह, 'आम्ही करून देऊ'. खाली एका क्लासचा नंबर. वीस वर्षं मी हेच काम करतोय. बारावीतल्या मुलीच्या आईला असं घाबरवणं मला सहन होत नाही.

सायन्सची गोष्ट सरळ खोटी आहे. आयआयटी मुंबई घेते ती यूसीड, म्हणजे डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा, कला, वाणिज्य, विज्ञान तिन्ही शाखांना खुली आहे. राज्यातल्या कला महाविद्यालयांच्या सीईटीलाही शाखेची अट नाही.

त्याच यूसीडचा अभ्यासक्रम ताईने उघडून वाचावा. त्यात निरीक्षण आहे, तर्क आहे, भाषा आहे, एखादी वस्तू मनातल्या मनात फिरवून पाहणं आहे, समाज आणि पर्यावरण आहे, आणि दुसऱ्या भागात हाताने काढायचं चित्र आहे. सॉफ्टवेअर एकही नाही. जी गोष्ट प्रवेशाच्या वेळी कुणी विचारतच नाही, तिलाच हा मेसेज सगळं शिक्षण म्हणतो.

पण माझं डोकं फिरलं ते 'फॉन्ट तयार मिळतात' या वाक्याने. गावोगावचे फ्लेक्स बघा. 'विद्यार्थी' शब्दातली पहिली वेलांटी 'व'च्या डावीकडे हवी ती उजवीकडे जाऊन बसलेली असते, जोडाक्षर फुटून अक्षराचा पाय मोडलेला असतो. फोटोशॉपमध्ये देवनागरीसाठी योग्य कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवणारी सेटिंग, निवडला नाही की असं होतं. ती सेटिंग पाच मिनिटांत सांगता येते. चूक दिसणारी नजर पाच मिनिटांत येत नाही. रोमन अक्षरांच्या हिशेबाने ओळी लावल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रा-रफारांत घुसतात. शिरोरेषा किती जाड हवी, 'ळ'च्या पोटात किती मोकळी जागा हवी, हे शंभर वेळा काढून, शिक्षकाने शंभर वेळा खोडून कळतं. विंडोजवर आपण वर्षानुवर्षं ज्यात मराठी वाचली तो मंगल फॉन्ट र. कृ. जोशींचा. ते मुंबईच्या जेजे कला संस्थेत शिकले, जाहिरातीत काम केलं, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवलं आणि आयुष्यभर हातात ब्रश धरून कॅलिग्राफी केली. म्हणजे तो 'तयार' फॉन्टही कुणीतरी अक्षरांचा अभ्यास केला म्हणूनच तयार झाला.

पोर्टफोलिओ विकत घेणं ही तर मुलीची फसवणूक. मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, "हे असंच का केलंस?" कच्ची स्केचेस आणि फसलेले प्रयत्न जवळ नसतील तर ती काय सांगणार?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. लाखोंची फी घेऊन चार वर्षं नुसतं सॉफ्टवेअर शिकवणारी खाजगी कॉलेजं आहेत, आणि नुसत्या पदवीला बाजारात कुणी विचारत नाही. नाटक-मासिकांची शीर्षकं काढणाऱ्या कमल शेडगे यांच्यासारखा अक्षरांचा माणूस तर वर्तमानपत्राच्या कलाविभागात घडला. पण तिथे त्यांनी वर्षानुवर्षं रोज अक्षरं काढली. ती वर्षं तीन महिन्यांत बसवून दाखवा.

म्हणून कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. वार्षिक प्रदर्शनाला जा, शेवटच्या वर्षाच्या मुलांची कामं पाहा, शिक्षक स्वतः काय काम करतात ते विचारा. पहिल्या वर्षी फ्रीलान्सच्या मागे न लागता हात आणि डोळा तयार करावा. दुसऱ्या वर्षात आपला कल शोधावा. तिसऱ्यात इंटर्नशिप, आणि सुट्टीत महिनाभर छापखान्यात बसावं. स्क्रीनवरचा भगवा कागदावर मळकट का होतो ते तिथे कळतं. शेवटचा प्रकल्प मराठीतला असेल तर फारच उत्तम. आणि प्रत्येक सहामाहीचं कच्चं काम जपून ठेवावं.

ताई, क्लासची पावती फाडली नसशील तर फाडू नकोस. तिला वही-पेन्सिल देऊन रविवारी राजवाड्याच्या बाजूला पाठव. दहा दुकानांच्या पाट्यांवरचा 'र' काढून आणायला सांग, आणि तिने काढलेल्या अक्षरांचे फोटो मला पाठव. सोमवारी रात्री मी तिच्याशी बोलतो.