जहाजाचा हप्ता कोण भरणार?

येत्या रविवारी दुपारी आमच्या सोप्यावरून पाच माणसं अंतराळात जायची आहेत. त्यांतल्या दोघांना अजून ठाऊक नाही की जहाज कर्जाऊ आहे. ते दोघे फेसबुकवर नाहीत, म्हणून इथे बिनधास्त लिहितोय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: टेबलटॉप रोलप्लेइंगमध्ये प्रत्येक जण एक पात्र घेतो, एक जण गेममास्टर होऊन प्रसंग मांडतो, बाकीचे 'मी असं करतो' म्हणतात, आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. 1974 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला तेव्हापासूनचा हा नाद. तलवारी-राक्षसवाले खेळ मी खेळाडू म्हणून बरेच खेळलोय. गेममास्टर मात्र पहिल्यांदाच होतोय, आणि हौस अशी की थेट विज्ञानकथेचं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी एकच गोष्ट.

पावसात तयारीला बसलो आणि जे प्रत्येक नवा माणूस करतो तेच केलं. अकरा ग्रह, तीन साम्राज्यं, दोनशे वर्षांच्या लढाया. चाळीस पानांची पीडीएफ ग्रुपवर टाकली. दोन दिवसांनी एक अंगठा आला. तिसऱ्या दिवशी भाच्याने लिहिलं, "मामा, ह्यात आम्ही कोण?"

तिथेच माझं साम्राज्य कोसळलं.

माझं ठाम मत झालंय की विज्ञानकथेचं कॅम्पेन बसवणं राक्षसांच्या खेळापेक्षा अवघड आहे, आणि त्याला कारण विज्ञान नाही. गुहेत राक्षस आहे म्हटलं की काय करायचं ते कोणाला शिकवावं लागत नाही. पण हातात जहाज दिलं आणि सगळं आकाश मोकळं सोडलं, की खेळाडू एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. वर विचारतात, पोलिसांना फोन का नाही करायचा? कॉम्प्युटरला विचारलं तर? मग घरी सुखाने न बसता ह्यांनी बाहेर का पडावं, ह्याचं उत्तर आधी हवं. ग्रहांची नावं नंतर ठेवली तरी चालतात.

मला ते उत्तर सापडलं 'ट्रॅव्हलर' ह्या 1977 च्या खेळात. त्यात जहाज कर्जावर मिळतं. दर महिन्याला किमतीचा 240 वा भाग भरायचा, आणि तो 480 महिने. म्हणजे चाळीस वर्षं घासून किमतीच्या दुप्पट. हे वाचून मी एकटाच हसलो, कारण मी बँकेत कर्जविभागात आहे. 2012 च्या सप्टेंबरात आमच्या गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, 2018 साली पुन्हा झाल्या, तेव्हा डिचोली-सांग्यातले ट्रकवाले आणि बार्जवाले (बार्ज म्हणजे नदीतून खनिज नेणारी सपाट बोट) माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसायचे. हातात पासबुक, चपलांना तांबडी धूळ. बोलायला सुरुवात मुलांच्या शाळेपासून करायचे, हप्त्याचा विषय शेवटी. माणूस घराबाहेर का पडतो हे मला कुठल्या साम्राज्याच्या इतिहासात शोधायची काय गरज होती?

म्हणून चाळीस पानं फेकली. उरलं ते असं: खाणीवर जगणारा एक चंद्र, खाण अचानक बंद, आणि मालाविना उभं असलेलं एक जहाज.

नकाशाही घरचाच घेतला. पावसाळ्यात आग्वादपाशी मांडवीच्या मुखावर वाळूचा बांध तयार होतो, तेव्हा बार्ज समुद्रातून न जाता कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरी नदीत उतरून मुरगाव बंदराला जायचे. आमच्या शेजारचे तात्या बार्जवर होते, त्यांनी हे मला कागदावर रेघा मारून दाखवलं. माझ्या नकाशातला मुख्य मार्गही वर्षातून चार महिने बंद असतो. उरतो एक अरुंद आडमार्ग, आणि तिथे टोल घेणारा कोणीतरी बसलेला असणारच. एवढ्या एका गोष्टीतून मला तीन रविवार पुरतील इतके प्रसंग सुचले.

फोनचा प्रश्न 'ट्रॅव्हलर'नेच सोडवलाय. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारायला साधारण आठवडा लागतो, आणि बातमी जहाजाहून वेगाने जाऊच शकत नाही. गोवेकराला हे समजावून सांगायला नको. पोर्तुगीज काळात इथून लिस्बनला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मोसमी वाऱ्यांच्या हिशेबाने यायला दीड वर्ष सहज जायचं. तोवर इथल्या अधिकाऱ्याने जे केलं तोच कायदा. असा अधिकारी मी त्या चंद्रावर नेमलाय.

संवाद मात्र एकही लिहिलेला नाही. आधी लिहीत होतो, तर पेडण्याचा मित्र वैतागला. म्हणाला, "दशावतारात संहिता असते काय रे? आख्यान ठरतं, कोण राजा कोण राक्षस ते ठरतं, मग रंगपटात तोंड रंगवायचं आणि रंगमंचावर जाऊन बोलायचं." खरं आहे. कोणाला काय हवंय आणि कोण कोणाला घाबरतो एवढं पक्कं असलं तर बोलणं येतं. आता प्रत्येक पात्रापुढे माझ्या दोनच ओळी आहेत.

फाशांचं गणित फक्त नीट बघून ठेवलं. दोन साधे फासे, आठ किंवा जास्त आले तर काम फत्ते. म्हणजे 36 पैकी 15 वेळा, निम्म्याहून कमी. कौशल्याचा एक गुण मिळवला की 21 वेळा. हे आधी न पाहता उगाच फासे टाकायला लावले, तर कसलेला वैमानिकही जहाज धक्क्याला लावताना तीनदा आपटेल. जमणारच असेल ते जमू द्यावं. जाळी विणणारे कोळी, लहान मुलांचे हाल, असं खेळात कोणाला काय नको तेही विचारून घेतलं. पाच मिनिटांचं काम, पण करावं.

पात्रं मागच्या रविवारी तयार केली. मूळ 'ट्रॅव्हलर'मध्ये पात्र अठराव्या वर्षी नोकरीला लागतं, चार-चार वर्षांच्या पाळ्या करतं, आणि प्रत्येक पाळीत जगलं की नाही ते फासे सांगतात. खेळ सुरू होण्याआधीच मरू शकतं. भाच्याने ऐटीत एक कप्तान बनवला, त्याला छान नाव दिलं, आणि तिसऱ्या पाळीत फाशांवर तीन आले. कप्तान गेला. पोरगं इतकं हिरमुसलं की लाइट गेली तरी कळलं नाही त्याला. मेणबत्तीत दुसरं पात्र केलं, एक खडूस मेकॅनिक.

आई आतून भजी घेऊन आली होती. दारातच उभी राहून तिने सगळं ऐकलं, आणि पोरं गेल्यावर बशा उचलताना मला विचारलं, "जहाजाच्या कर्जाला जामीन कोण राहिलाय?"

वीस वर्षं कर्जविभागात काढून हे मला सुचलं नव्हतं. त्याच रात्री कागद पुरा केला. कर्जदार म्हणून सही आहे भाच्याच्या मेलेल्या कप्तानाची. जामीनदाराच्या जागी त्या खडूस मेकॅनिकची.