उपग्रह खाली येताना मंदावत नाही

कृत्रिम उपग्रहांच्या कक्षाक्षयावरील (कक्षा हळूहळू खाली येण्यावरील) आपला लेख माहितीपूर्ण आहे. मात्र ‘हवेच्या घर्षणाने स्पुटनिक-१ मंदावत गेला आणि अखेर कोसळला’ हे त्यातील विधान दिशाभूल करणारे वाटते. ८३.६ किलो वजनाचा, सोव्हिएत संघाचा हा जगातील पहिला कृत्रिम उपग्रह ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सुटला, तेव्हा त्याची कक्षा लंबवर्तुळाकार होती: पृथ्वीपासून जवळचा बिंदू सुमारे २१५ किलोमीटरवर, तर दूरचा ९०० किलोमीटरच्याही पलीकडे. विरळ हवेचा रोध मुख्यतः जवळच्या बिंदूपाशी जाणवत असल्यामुळे आधी दूरचा बिंदू झपाट्याने खाली आला, कक्षा आक्रसत गेली आणि सुरुवातीला ९६ मिनिटांहून किंचित अधिक असलेला प्रदक्षिणाकाळ सतत घटत राहिला. म्हणजेच एकूण ऊर्जा कमी होत असतानाही, उंची घटत गेल्यामुळे, उपग्रहाचा सरासरी वेग वाढतच होता. निरीक्षकाला हे सहज पडताळता येते, कारण उपग्रह दररोज अपेक्षेपेक्षा थोडा लवकर क्षितिजावर उगवतो.

२६ ऑक्टोबरला बॅटऱ्या संपून रेडिओ संदेशाची ‘बीप-बीप’ थांबल्यावरही दुर्बिणींतून मागोवा सुरूच राहिला. सोबत कक्षेत गेलेला अग्निबाणाचा मुख्य टप्पा (लोकांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिला तो बहुधा हाच) वजनाच्या मानाने आकाराने मोठा होता, म्हणून त्याच्यावर रोधाचा परिणाम अधिक झाला आणि तो डिसेंबरच्या आरंभीच जळाला. स्पुटनिक मात्र ४ जानेवारी १९५८ पर्यंत टिकला. वरच्या वातावरणाची घनता तोवरच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त असल्याचे अशाच नोंदींतून उलगडले, आणि लेखात त्याचा उल्लेखही नसावा याचे आश्चर्य वाटते.