पिशवीतला स्टुडिओ आणि आखाजीची तिथी

लग्नाचं शूटिंग करून दुकानात खुर्ची तापवत एडिटिंग करायचे दिवस गेले. आता लॅपटॉप पाठीवर, हार्ड डिस्क खिशात, झाला स्टुडिओ. अमळनेरला साखरपुडा, चोपड्याला हळद, शिरपूरला वरात आणि मधल्या एसटीत कटिंग. हा संसार कसा मांडायचा, ते माझ्याकडून ऐका. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, एका तिथीला तीन लग्नं अंगावर घेतलेल्या माणसाचा अनुभव आहे.

आधी डिस्क. दुकानदार एसएसडी दाखवेल. काडेपेटीपेक्षा जरा मोठी, आत फिरणारं काही नाही, हातातून पडली तरी बहुतेक वेळा वाचते. तिच्याकडे बघूही नका. त्याच पैशात तबकडीवाली डिस्क कितीतरी जास्त जागा देते आणि आपल्याकडे माल मोजून घ्यायची पद्धत आहे. ती सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी वाचते. 4के फुटेज सेकंदाला 100 मेगाबिटने घेतलं (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) तर एका कॅमेऱ्याला साडेबारा एमबी पुरतात, म्हणजे कागदावर आठ कॅमेरे आरामात चालायला हवेत. प्रत्यक्षात तीन कॅमेरे टाइमलाइनवर एकाखाली एक लावलेत की तबकडीवरचं वाचणारं डोकं लग्नाच्या पंगतीतल्या वाढप्यासारखं पळतं: इकडे भात, तिकडे वरण, कोपऱ्यातून कुणीतरी मीठ मागतंय. नवरी हार घालायला हात उचलते आणि तशीच थांबते. तुम्ही तेवढ्यात चहा घ्या.

जागेचा हिशेबही करून ठेवू नका. तासाला 45 जीबी, तीन कॅमेरे, सहा तास, म्हणजे एक लग्न 810 जीबी. 1 टीबीची म्हणून आणलेली डिस्क विंडोजमध्ये 931 जीबी दाखवते (दुकानदार हजाराने मोजतो, विंडोज 1024 ने, पैसे मात्र दोघांचे तुम्ही देता). उरलेल्या जागेत कॅशे, म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली, भरते. मग पुढच्या लग्नासाठी मागच्याचं मूळ फुटेज उडवायचं. ज्यांनी बाकी दिलेली नाही त्यांचं आधी.

फॉरमॅट कोणता? जुना फॅट32 असेल तर राहू द्या. 4 जीबीपेक्षा मोठी फाइल तो घेतच नाही, त्यामुळे नवरदेवाच्या मामांचं भाषण आपोआप टळतं. एनटीएफएस केलीत तर अल्बमवाल्याच्या मॅकला डिस्क वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. तो फोन करतो, तेवढीच ओळख वाढते. एक्सफॅट दोन्हीकडे चालतो, पण तो नाजूक आहे, काम चालू असताना वायर उपटली तर रुसतो. आणि ‘सेफली रिमूव्ह’ करत बसायला आपण काय बँकेत आहोत? पारोळा आलं, कंडक्टर ओरडला, वायर ओढायची आणि उतरायचं.

वायरीवरून आठवलं. कुणाच्या नादाने एसएसडी घेतलीच असेल, तर तिला मोबाइलच्या चार्जरची वायर लावा. टाइप-सी टाइप-सी सगळं सारखंच दिसतं. त्यातल्या बऱ्याच वायरी आतून जुन्या, संथ यूएसबी 2.0 च्या असतात. सेकंदाला हजार एमबी देणारी डिस्क मग चाळीसवर येते, आणि ‘एसएसडीत काही दम नाही भो’ असं चारचौघांत सांगायची तुमची सोय होते.

काही शहाणे प्रॉक्सी करतात. रात्री फुटेजच्या हलक्या प्रती बनवायला लावायच्या, दिवसा त्यांच्यावर कापाकापी करायची, शेवटी मूळ फुटेज जोडून एक्स्पोर्ट. साध्या लॅपटॉपवरही लोण्यासारखं काम होतं म्हणे. पण मग पंखा घरघरणार कसा, आणि शेजारच्या सीटवरच्या बाबांना आपण काहीतरी मोठं करतोय हे कळणार कसं?

फोल्डरबिल्डर करू नका. गाणी डेस्कटॉपवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पत्रिका डाउनलोड्समध्ये, ड्रोनचं फुटेज भाच्याच्या पेन ड्राइव्हमध्ये. डिस्कला एक पक्कं अक्षर देऊन ठेवता येतं, तेही टाळा. काल ती ‘ई’ होती, आज ‘एफ’ झाली, की प्रोजेक्ट उघडल्यावर सगळी हळद लालभडक होते: मीडिया ऑफलाइन, म्हणजे फाइल सापडत नाही.

आणि ऊन. साध्या पोर्टेबल हार्ड डिस्कच्या कागदावर बहुधा 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 ला टेकतो, तेव्हा ती गाडीच्या डिक्कीत ठेवा. तिलाही खान्देश कळू द्या.

बॅकअप मात्र घ्या, मी तेवढा बेजबाबदार नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी, असा एक नियम जगभर सांगतात. आपण दोन घ्यायच्या आणि दोन्ही एकाच पिशवीच्या एकाच कप्प्यात ठेवायच्या.

मी तर एकच ठेवली होती. हायवेवरचा ढाबा, समोर शेवभाजी, तर्री ताटाच्या काठापर्यंत आलेली. लॅपटॉप टेबलावर, डिस्क वायरीला लोंबकळत. पाण्याचा जग घेऊन आलेल्या पोराचा पाय वायरीत अडकला. डिस्क दोन फूटच पडली. मी उचलून कानाला लावली. टक. टक. टक. आत कुणीतरी दार वाजवत होतं.

अशा वेळी ती पुन्हा पुन्हा लावून बघायची, म्हणजे डोकं तबकडी नीट खरवडतं. कुणीतरी फ्रीजमध्ये ठेवायला सांगेल, तेही करा, आत दव धरतं. मी भरताच्या वांग्यांशेजारी एक रात्र ठेवली होती. मग पुण्याच्या डेटा रिकव्हरीवाल्याला फोन लावा. त्याचा आकडा त्या लग्नाच्या ऑर्डरपेक्षा मोठा निघाला, की सावलीत बसा.

तेवढ्यात नवरीच्या वडिलांचा फोन येतोच.

‘भाऊ, मनी आंडेरना (पोरीच्या) लगननी कॅसेट कव्हय भेटी?’

‘काम चालूच शे मामा, 98 टक्के व्हयनं.’

गेल्या आखाजीलाही 98 च होतं. आता नातवाच्या जावळाची ऑर्डर त्यांनी मलाच दिली आहे.