'हाकललं' म्हणणाऱ्या 'विवेकी' वाचकांस

संत व्हॅलेंटाइन यांच्या दिवसानिमित्त मी प्रेमावर लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. 'ज्या संताला चर्चनेच १९६९ साली हाकललं, त्याच्या नावाने प्रेमाचे धडे देणं हा भाबडेपणा की छुपा धर्मप्रचार?' असं तुम्ही विचारलंय. विचारा की. पण 'हाकललं'? तुमच्या देव्हाऱ्याबद्दल असं कुणी लिहिलं तर चालेल तुम्हाला?

आता ते १९६९. पोप सहावे पॉल यांच्या काळात उपासनेच्या कॅलेंडरची फेरमांडणी झाली. त्या आज्ञापत्रावर तारीखच १४ फेब्रुवारीची आहे; हे तुमच्या हाती लागलं नाही, नाहीतर त्यावरही एक टोमणा आला असता. संत व्हॅलेंटाइन यांचं दफन रोमजवळ फ्लामिनिया रस्त्यालगत झालं, याखेरीज त्यांच्याविषयी खात्रीचं फारसं काही नव्हतं. म्हणून जगभर पाळायच्या सणांतून त्यांचा दिवस वगळला. सण वगळला हो, संतपद नाही! रोमन हुतात्म्यांच्या नामावलीत त्याच तारखेला त्यांचं नाव आजही आहे, आणि जिथे त्यांची भक्ती आहे तिथे सण पाळायला मनाई नाही. बाकी ठिकाणी त्या दिवशी सिरिल आणि मेथोडियस या संत भावांचं स्मरण होतं. अर्धवट फॉरवर्ड वाचून दुसऱ्याला भाबडं ठरवायचं, याला विवेक म्हणत असतील तर असो.

व्हॅलेंटाइन यांनी सैनिकांची चोरून लग्नं लावल्याची गोष्ट नंतरच्या काळातली आहे आणि मी ती जरा रंगवून सांगितली, हे मान्य. पण माझं म्हणणं त्या गोष्टीवर उभं नव्हतंच. मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठं प्रेम नाही, असं प्रभू येशू योहानाच्या शुभवर्तमानात सांगतात. मग हुतात्म्याच्या दिवशी प्रेमावर नाही लिहायचं तर काय जीएसटीवर लिहायचं?

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, लग्न ठरलेल्या मुलामुलींची शिबिरं मी आणि बायको वर्षानुवर्षं घेतोय. बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा प्रेमावरचा १३वा अध्याय लग्नाच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, वाचायला सगळ्यांनाच हवा असतो. संत पौलांनी तो लग्नासाठी लिहिलाच नव्हता, गटबाजी करून एकमेकांना कोर्टात खेचणाऱ्या मंडळीला लिहिला होता, हे सांगितलं की पोरं चपापतात. मग पगार कुणाच्या खात्यात, सासूशी वाजलं तर कुणी कुणाची बाजू घ्यायची, हे खरं बोलणं सुरू होतं. तुम्ही किती जोडप्यांसमोर बसलात, साहेब?

या दिवसाला प्रेमाशी जोडणारा इंग्रज कवी चॉसर, त्याच्या कवितेतल्या पाखरांच्या जोड्या, कार्डवाल्यांचा धंदा, हे सगळं ठाऊक आहे. त्यावर वेळ घालवत नाही.

राहिला धर्मप्रचार. मी माझ्या ब्लॉगवर माझ्या श्रद्धेविषयी लिहितो आणि कुणाला आवतण धाडत नाही. यापुढे वाद घालायचा तर खऱ्या नावाने घाला. टोपणनावाच्या प्रतिक्रिया इथे छापणार नाही.