सफरचंद दिसले नाही म्हणजे मन रिकामे आहे, असे नव्हे

सफरचंदाच्या पाच चित्रांची ती पट्टी आता बहुतेकांच्या फोनवर येऊन गेली असेल. पहिल्या चौकटीत लालभडक, देठासकट चकाकणारे सफरचंद असते. पुढे ते फिकट होत जाते, चौथ्या चौकटीत नुसती धूसर आकृती उरते आणि पाचवी चौकट कोरी असते. डोळे मिटून सफरचंद मनात आणा आणि आपण कोणत्या चौकटीत बसतो ते सांगा, एवढाच मूळ खेळ. माझ्याकडे मात्र ती मामेभावाकडून आली तेव्हा तिच्याखाली एक लांबलचक मजकूर जोडलेला होता. त्याचा आशय असा: विचार हा चित्रांतूनच होतो, म्हणून पाचव्या चौकटीतल्या माणसाला खरा विचार करता येत नाही. त्याला कल्पनाशक्ती नसते, स्वप्ने पडत नाहीत, गेलेल्या माणसांची आठवण राहत नाही आणि दुसऱ्याचे दुःख कळत नाही. जाणीव म्हणजे मनाच्या पडद्यावर चाललेला खेळ. ज्याचा पडदाच कोरा, तो चालताबोलता असला तरी आतून रिकामा. शेवटी उपायही दिलेला होता: चाळीस दिवस त्राटक करा, अंतश्चक्षू उघडेल.

मी पाचव्या चौकटीतला आहे. चाळिशी उलटेपर्यंत मला याचा पत्ता नव्हता. ‘तो प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला’ हे वाक्य मी शाळेच्या निबंधांत कितीतरी वेळा लिहिले. पण ‘पोटात गोळा आला’ म्हणणारा माणूस जसा पोटात गोळा शोधत नाही, तशीच हीही बोलण्याची एक रीत असावी, अशी माझी समजूत होती. तेव्हा या संदेशाला उत्तर देताना मी अगदी तटस्थ आहे असा दावा करणार नाही. तरीही माझ्या अनुभवापेक्षा मोजमापांवर अधिक भर देतो आहे, कारण स्वतःच्या मनाविषयी माणूस किती चुकू शकतो हाच या विषयाचा अर्धा भाग आहे.

संदेशाकडे वळण्यापूर्वी त्यावर हमखास येणाऱ्या एका प्रतिक्रियेचा विचार करायला हवा. ‘कोणालाच खरोखर काही दिसत नसते, हा नुसता शब्दांचा घोळ आहे,’ असे अनेकजण म्हणतात. ही शंका मूळ संदेशापेक्षा पुष्कळ शहाणपणाची आहे. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० साली लोकांना त्या दिवशी सकाळच्या न्याहारीचे टेबल आठवायला सांगून त्याचा उजेड, रेखीवपणा आणि रंग कसे भासतात हे विचारले, आणि काहींनी लख्ख चित्राचे तर काहींनी काहीही न दिसल्याचे उत्तर दिले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १९७३ मध्ये, मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्स यांनी मनातल्या चित्रांचा स्पष्टपणा मोजण्यासाठी सोळा प्रश्नांची जी प्रश्नावली तयार केली आणि जी आजही वापरात आहे, तीही अखेर माणसाच्या सांगण्यावरच अवलंबून आहे. तुमचे ‘स्पष्ट’ आणि माझे ‘अस्पष्ट’ यांची तुलना कोणत्या तराजूत करायची?

असा तराजू अलीकडे मिळाला आहे. एका डोळ्याला लाल पट्टे आणि दुसऱ्याला हिरवे पट्टे दाखवले तर मेंदू त्यांची सरमिसळ करत नाही. एका क्षणी एकच रंग जिंकतो. त्याआधी काही सेकंद लाल पट्टे मनात आणले असतील तर लाल जिंकण्याचा संभव वाढतो. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील रिबेका कीओ आणि जोएल पिअर्सन यांनी २०१८ साली दाखवले की, आपल्याला मनात काही दिसत नाही असे सांगणाऱ्यांमध्ये हा परिणाम जवळजवळ आढळत नाही. पुढे २०२२ मध्ये त्याच गटाने डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मोजला. उजळ आकृती नुसती मनात आणली तरी सामान्यतः बाहुली आकुंचन पावते, गडद आकृतीने ती तेवढी आकुंचत नाही. माझ्यासारख्यांच्या बाहुल्या खरोखरची उजळ आकृती पाहताना इतरांसारख्याच वागल्या, मनात आणताना मात्र उजळ आणि गडद यांत फरक पडला नाही. मला त्यातली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते: एकाऐवजी चार आकृती मनात आणायला सांगितल्यावर त्यांच्याही बाहुल्या विस्फारल्या, म्हणजे मेंदूला श्रम पडत होते. ‘तुम्ही नीट प्रयत्नच करत नाही’ असे ऐकवणाऱ्या नातेवाइकांसाठी हे उत्तर पुरेसे आहे.

फरक खरा आहे, हे मान्य केल्यावर संदेशातील पहिल्या विधानाकडे येता येते. विचार चित्रांतूनच होतो, हे मत आजचे नाही. प्रतिमेवाचून आत्मा कधीही विचार करत नाही, असे ॲरिस्टॉटलने म्हटले होते. आणि गंमत अशी की प्रतिमाशक्तीसाठी त्याने वापरलेल्या ‘फँटासिया’ या शब्दालाच नकाराचा ‘अ’ जोडून मेंदूतज्ज्ञ ॲडम झीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली मनात चित्र न दिसण्यासाठी ‘अफँटेशिया’ ही संज्ञा घडवली. झीमन या वाटेला लागले ते एका रुग्णामुळे. शोधनिबंधात केवळ ‘एमएक्स’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा निवृत्त सर्वेक्षक हृदयाच्या धमनीवरील उपचारानंतर आपली मनातली चित्रे गमावून बसला होता. पूर्वी त्याला ती उत्तम दिसत असत, त्यामुळे काय गेले हे त्याला नेमके ठाऊक होते. तरीही परिचित वस्तूंच्या रूपरंगाविषयी तो अचूक उत्तरे देत असे, आणि आकृती मनात फिरवून जुळवण्याची चाचणीही त्याने बिनचूक सोडवली. वेळ मात्र वेगळ्या रीतीने लागला: इतरांना आकृती जितकी अधिक फिरवावी लागते तितका अधिक वेळ लागतो, त्याच्या बाबतीत तसे प्रमाण दिसले नाही. म्हणजे उत्तर तेच असले तरी तो तिथे दुसऱ्या रस्त्याने पोहोचत होता. विचाराला चित्र लागतेच असे असते, तर या माणसाला ही चाचणी सुटायलाच नको होती.

आठवणींचा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला, म्हणून त्याकडे जरा सावकाश पाहतो. माझी आई जाऊन नऊ वर्षे झाली. तिचा चेहरा मला मनात आणता येत नाही. फोटो पाहिला की तो ओळखीचा असतो, डोळे मिटले की अंधार. पण भाकऱ्या थापायला बसण्याआधी ती बांगड्या कोपराकडे सारत असे, आणि परात जवळ ओढताना तिचा एक ठरावीक सुस्कारा असे, हे मला माहीत आहे. घरात वीज गेली तरी काड्यापेटी कुठे आहे हे हाताला जसे माहीत असते, तसे. या माहीत असण्याला रंगरूप नाही, पण ते कोरडेही नाही.

हा केवळ माझा दिलासा नव्हे. विल्मा बेनब्रिज यांच्या २०२१ च्या अभ्यासात अफँटेशिया असलेल्या ६१ जणांना आणि इतर ५२ जणांना खोल्यांची छायाचित्रे दाखवून नंतर ती आठवणीने रेखाटायला सांगितले. पहिल्या गटाने कमी वस्तू काढल्या, रंग कमी वापरले आणि चित्राऐवजी कित्येकदा शब्द लिहिले. परंतु वस्तूंच्या जागा आणि आकारमान त्यांनी इतरांइतकेच अचूक दाखवले. शिवाय मूळ छायाचित्रात नसलेल्या वस्तू भरण्याची चूक त्यांच्याकडून कमी झाली. म्हणजे ‘आठवण’ हे एकसंध गाठोडे नाही. काय होते आणि कुठे होते यांची नोंद वेगवेगळी ठेवली जाते, आणि डोळ्यांसमोर उभे राहणाऱ्या चित्रात मन स्वतःच्या पदरची भरही घालते.

इथे संदेशाला काही गोष्टी द्यायलाच हव्यात. अफँटेशिया असलेले अनेकजण स्वतःच्या आयुष्यातील प्रसंगांचा तपशील कमी आठवतो असे सांगतात, आणि काहींना चेहरे ओळखायला त्रास होतो. मीही सोसायटीच्या जिन्यात अनेकांना अनोळखी समजून पुढे गेलो आहे आणि त्याबद्दल शिष्ट ठरलो आहे. पण प्रसंगाचा तपशील पुसट असणे निराळे आणि माणूस विसरणे निराळे.

दुसऱ्याचे दुःख न कळण्याचा आरोप बहुधा एका खऱ्या प्रयोगाच्या अर्धवट वाचनातून आला असावा. २०२१ साली पिअर्सन यांच्याच गटाने लोकांना अंधाऱ्या खोलीत पडद्यावर एकेक वाक्य करून भयकथा वाचायला दिल्या, आणि घामामुळे त्वचेची विद्युतवाहकता किती वाढते ते मोजले. इतरांची वाढली, अफँटेशिया असलेल्यांची जवळजवळ स्थिर राहिली. बातमी इथेच थांबवली की ‘यांना भीतीच वाटत नाही’ असा मथळा तयार होतो. त्याच प्रयोगात भयप्रद छायाचित्रे प्रत्यक्ष दाखवली तेव्हा दोन्ही गटांची प्रतिक्रिया सारखीच आली. भावना शाबूत आहे. शब्दांपासून भावनेपर्यंत जाणारा चित्रांचा पूल तेवढा नाही. भयकथा वाचून मला झोप लागते हे खरे, पण दवाखान्याबाहेर रडणारी बाई पाहून पाय थांबतात हेही तितकेच खरे.

स्वप्ने आणि कलावंत यांच्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. झीमन यांच्या २०१५ च्या निबंधातील २१ जणांपैकी बहुतेकांना दृश्य स्वप्ने पडत होती. मलाही पडतात, आणि जाग आल्यावर ती दृश्ये विझतात. इच्छेने चित्र आणणे आणि ते आपोआप येणे या मेंदूतील दोन वेगळ्या वाटा असाव्यात, असे यावरून दिसते. राहिली कल्पनाशक्ती. पिक्सार या ॲनिमेशन संस्थेचे सहसंस्थापक एड कॅटमुल आणि डिस्नेचे ख्यातनाम ॲनिमेटर ग्लेन कीन या दोघांनाही मनात चित्र दिसत नाही. चित्रकार मनातले चित्र कागदावर उतरवतो, ही चित्रे न काढणाऱ्यांची समजूत असावी. चित्र पुष्कळदा कागदावरच सापडते.

त्राटकाची गोष्ट मात्र दुरुस्त केली पाहिजे. हठयोगात ते षट्कर्मांपैकी एक, म्हणजे शुद्धिक्रिया मानले जाते. ज्योतीकडे एकटक पाहून डोळे मिटल्यावर जो तेजस्वी ठिपका तरंगतो, तो डोळ्यांतील पडदा शिणल्यामुळे मागे राहिलेला ठसा असतो. तो मलाही दिसतो. त्याला कल्पनाचित्र समजणे म्हणजे कॅमेऱ्याच्या फ्लॅशने डोळे दिपल्यावर साक्षात्कार झाला असे समजणे. चित्र दिसत नसेल तर ध्यान साधत नाही, हेही त्याच मजकुरात होते. इगतपुरीच्या धम्मगिरीत गोएंका परंपरेच्या विपश्यनेची शिबिरे होतात. तिथे श्वास आणि शरीरातील संवेदना यांवर लक्ष ठेवायला शिकवतात आणि कोणतेही रूप मनात आणू नका, असे स्पष्ट सांगतात. जे इतरांना तिथे प्रयासाने टाळावे लागते, ते माझ्याजवळ मुळातच नसते. अफँटेशिया हा आजार आहे, असेही तज्ज्ञ मानत नाहीत. एमएक्ससारखी नंतर उद्भवलेली उदाहरणे विरळ आहेत, आणि त्यांत शोधायचे असते ते मूळ कारण.

आता उरला जाणिवेविषयीचा दावा, आणि तोच सर्वांत खोल चुकलेला आहे. जाणीव म्हणजे पडद्यावरचा खेळ मानली की तो खेळ पाहणारा आत कोणीतरी बसवावा लागतो, मग त्याच्या डोक्यात आणखी एक पडदा, आणि हे कुठेच थांबत नाही. ही अडचण तत्त्वज्ञांनी पूर्वीच दाखवली आहे. अफँटेशियामुळे तिच्यात भर पडते ती अशी की, पडदा नसलेली माणसे भूक, वेदना, लाज, संगीत, उन्हाचा चटका हे सारे अनुभवत जगत असतात. परंतु याच्या उलट बाजूचा निष्कर्षही मला मान्य नाही. ‘चित्रांवाचून चालते, म्हणजे अंतरंग अनुभव हा सगळाच भ्रम’ असे म्हणणारे एका अवयवाच्या अभावावरून शरीर नाकारत आहेत.

माझ्या मते, खरा धक्का बसतो तो आत डोकावून मिळालेल्या साक्षीला. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील व्यूर्ट्सबुर्ग येथे मानसशास्त्रज्ञ क्युल्पे यांच्या प्रयोगशाळेतून प्रतिमाविरहित विचार आढळल्याचे सांगितले जात होते, तर अमेरिकेत कॉर्नेलमध्ये टिचनर यांच्याकडील निरीक्षकांना प्रत्येक विचाराच्या तळाशी प्रतिमा किंवा संवेदना सापडत होती. वाद निकाली निघाला नाही, आणि आत्मनिरीक्षण ही पद्धतच बदनाम झाली. दोन्हीकडची काही माणसे आपापल्या मनाचे खरे वर्णन करत असतील, ही शक्यता गाल्टन यांचे आकडे छापून वीस-पंचवीस वर्षे झाल्यावरही कोणी पुरेशी गंभीरपणे घेतली नाही. प्रत्येकाने आपले मन हेच माप धरले होते.

२०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने यात आणखी एक गाठ मारली आहे. अफँटेशिया असलेले लोक पट्ट्यांचा एखादा नमुना मनात आणण्याचा प्रयत्न करत असताना, मेंदूच्या मागच्या भागातील प्राथमिक दृष्टिकेंद्राच्या हालचालींवरून तो नमुना कोणता, हे संशोधकांना ओळखता आले. मात्र हा ठसा प्रत्यक्ष पाहताना उमटणाऱ्या ठशासारखा नव्हता. म्हणजे सफरचंदाची काहीतरी नोंद माझ्याही मेंदूत होत असेल आणि तरी मला ते दिसत नसेल. ठसा केव्हा अनुभव होतो आणि केव्हा होत नाही, हा जाणिवेविषयीचा खरा प्रश्न आहे, आणि ‘आतून रिकामा’ या शब्दांनी त्याला हातही लागत नाही.

हे सारे मी मामेभावाला फोनवर सांगितले. तो पहिल्या चौकटीतला. त्याला सफरचंद लख्ख दिसते, अगदी टेबलावर ठेवल्यासारखे. मी त्याला विचारले, देठ कोणत्या बाजूला झुकलेला आहे? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आता तू विचारलेस, म्हणून डावीकडे झुकला.”