कला कशी ओळखावी? कमिटी मेंबरांसाठी सोपे उपाय

आमच्या सोसायटीच्या लॉबीत नुकतीच ‘वारली’ काढून झाली. तेव्हापासून कला कशाला म्हणायचं याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका उरलेली नाही. तुमचीही फिटावी म्हणून लिहितो.

आधी किंमत विचारा. २०१९ साली मायामीच्या कलामेळ्यात मॉरित्झिओ कातेलानने टेपने भिंतीला केळं चिकटवलं. भाव १,२०,००० डॉलर. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याची एक प्रत ६२ लाख डॉलरना गेली आणि घेणाऱ्याने केळं खाऊन टाकलं. ही कला. इथे घासाघीस करायची नसते.

सही बघा. १९१७ साली मार्सेल द्युशाँने मुतारीच्या भांड्यावर ‘आर. मट’ अशी सही ठोकली, अजून त्यावर पुस्तकं निघताहेत.

काढणारी बाई असेल आणि भिंत तिच्याच झोपडीची असेल, तर ती हस्तकला. स्टॉल बाहेर, पार्किंगपाशी.

भाव पाडा. हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडे डहाणूकडचा एक वारली चित्रकार आला होता. पोरसवदाच. भिंत मोजली, कच्चा नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, आकडा सांगितला. सेक्रेटरी म्हणाले, “चार त्रिकोण नि दोन काड्या, त्याचे एवढे?” खजिनदार म्हणाले, “अरे, खाली मोबाइल नंबर टाक ना, तुझंच नाव होईल.” पोरगा गेला. मग त्याच्याच नमुन्यावरून स्टेन्सिल कापून रंगाऱ्याकडून भिंत उरकली. ज्या लग्नचौकात सवासिनी तांदळाच्या पिठाने पालघट देवी काढतात, ज्याच्याशिवाय तिकडे लग्न लागत नाही, त्या चौकात आमच्याकडे ‘मेंटेनन्स वेळेवर भरा’ लिहिलंय. नाचाच्या मधोमध तारपा नावाचं वाद्य फुंकणारा तारपावाला मीटरच्या बॉक्सखाली गेला. आता सगळे जण मीटरभोवती फेर धरून नाचताहेत! आणि उद्घाटनाला भाषण कशावर, तर ‘आपली आदिवासी संस्कृती’.

लाजा वाटत नाहीत? लिफ्टमध्ये आरसा लावलात तेव्हा काचवाल्याला म्हणालात का, तुझंच नाव होईल? वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती काय काड्या ओढल्याबद्दल? त्रिकोण सोपा वाटतो ना? मग घ्या बांबूची काडी, बुडवा पांढऱ्या रंगात आणि काढा एक पळणारा माणूस. तो पळताना दिसला पाहिजे. नाही जमत ना? मग त्या पोराचा नमुना ढापलात, त्याचे पैसे टाका. आजच.